संतोष कोणाला सांगायचा?

सप्रेम जय भीम.

तुझे पत्र वाचून अस्वस्थ झालो. सफाईच्या कंत्राटी कामगारांचा थकलेला पगार मिळावा म्हणून तू अर्ज लिहिलास, त्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ‘तुम्ही बुद्धाची माणसे, संतोष धरायला शिका’ असे सुनावले, आणि आता तू मलाच विचारतोस की आपण धम्माविरुद्ध तर वागत नाही ना. तुझे गोंधळणे मी समजू शकतो. पण त्या वाक्याला तू इतका मान द्यावास, हे मला मुळीच पटत नाही.

धम्मपदातील सुखवग्गाची 204वी गाथा संतोषाला श्रेष्ठ धन म्हणते, हे खरे. ती कोणासमोर उच्चारली गेली, ते अट्ठकथेत, म्हणजे धम्मपदावरच्या जुन्या पाली टीकेत, वाच. कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर (द्रोण हे धान्याचे जुने, मोठे माप) भात जेवून, सुस्तावून भगवंतांपुढे बसत असे. आहार आटोक्यात आणल्यावर शरीर हलके झाले, हे तो आनंदाने सांगायला आला, त्या प्रसंगाची ती गाथा आहे. तिच्या लगतची 203वी गाथा भुकेला सर्वांत मोठा रोग म्हणते. आळवी नगरीचा एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून, दमून, उपाशीपोटी सभेत पोहोचला. त्याच्यासाठी थांबलेल्या भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच उपदेश केला. काही भिक्खूंना ते खटकले, तेव्हा भुकेल्याला धम्म उमगत नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागले. राजाला संतोष, शेतकऱ्याला अन्न. हा क्रम उलटा करणाऱ्याने धम्म सांगू नये.

आमच्या विहारात 204वी गाथा म्हटली गेली की 203वी आधी म्हणा, असा आग्रह मी आजही धरतो. मला हेकट म्हणतात, म्हणोत. अर्धपोटी राबणाऱ्या माझ्या वडिलांना समाधानाचे धडे देणारे लोक मी लहानपणी पाहिले आहेत. त्यांना उत्तर द्यायचे माझे वय नव्हते, ही खंत अजून जात नाही. माझा हेका तिथून आला आहे आणि तो मी सोडणार नाही.

संतोष स्वतःच्या गरजांना लावायचा असतो, दुसऱ्याच्या भुकेला नव्हे. मेत्तसुत्तातला, म्हणजे मैत्रीभावनेच्या सुत्तातला, ‘सन्तुस्सको च सुभरो च’ (संतुष्ट आणि पोसायला सोपा) हा साधक स्वतः थोडक्यात भागवतो, इतरांना जड होत नाही. हप्त्यांवर महागडा मोबाइल घेण्याविषयी तू जे लिहिले आहेस, तिथे हवा तेवढा संतोष वापर! कुशल कर्मांत मात्र भगवंत स्वतःच असंतुष्ट राहिले, असे अंगुत्तर निकाय हा बुद्धवचनांचा संग्रह सांगतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही संतोष म्हणजे परिस्थितीपुढची शरणागती नव्हे, हे स्पष्ट केले आहे. हे तुला ठाऊक असताना तू डगमगलास, याचाच मला राग आला.

आता अर्जाविषयी. कंत्राटदाराला शिव्याशाप देणारी शेवटची दोन वाक्ये काढून टाक. करुणेत तोही येतो, आणि तुझा द्वेष त्या कामगारांच्या घरी चूल पेटवणार नाही. त्यांच्या जागी कोणाचा, किती महिन्यांचा, किती पगार थकला आहे, ते नीट लिही, प्रत्येकाची सही घे आणि अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नकोस.