‘तुझी चूक नाही’ हे वाक्य काढून टाक

प्रिय पोरी,

मुलांसाठी लिहिलेली तुझी गोष्ट दोनदा वाचली. एकदा भर दुपारी कूलरसमोर बसून, आणि मग रात्री गच्चीवर, कारण झोप येईना.

शेततळं तू असं उभं केलंयस की मला पायाखाली तो काळा कागद लागला. उतारावरचा प्लास्टिकचा कागद, त्यावर धरलेलं शेवाळ, पाय टेकला की सरळ आत. चांगला पोहणारा बाप्यासुद्धा त्यावरून वर चढू शकत नाही, म्हणून जाणता शेतकरी काठाला गाठी मारलेला दोर सोडून ठेवतो. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळं’ योजना आली. कोरडवाहू रानाला पाण्याचा आधार झाला आणि घरोघरच्या आयांच्या जिवाला नवा घोर लागला. तुझ्या गोष्टीतल्या तळ्याला दोर नाही. तू ते एका ओळीत सांगून पुढे गेलीस, कुणाला बोल लावला नाहीस. ती ओळ तशीच राहू दे.

आता शेवटच्या पानाबद्दल. तुझी नऊ वर्षांची नायिका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर बसलीय, धाकटा भाऊ मागे लागलाय, ती त्याच्यावर खेकसते, “मर तिकडे!” आणि तासाभराने काठावर त्याची एक चप्पल सापडते. इतकं खरं लिहिलंस, आणि शेवटी आत्या तिला मांडीवर घेऊन म्हणते, “तुझी काही चूक नाही गं,” आणि पोरगी हसते. पोरी, हे वाक्य काढून टाक. ते खोटं नाही, पण त्या पोरीला त्याचा काही उपयोग नाही. तिच्या मनात काय आहे ते आत्याला ठाऊकच नाही. झोक्यापाशी काय बोलणं झालं ते तिने कुणाला सांगितलेलंच नाही. मग आत्या माफी कशाची देतेय?

लहान मुलाला वाटतं की आपण बोललो म्हणून झालं. आपण दिवसातून दहादा ‘मर तिकडे’ म्हणतो आणि विसरतो. तिच्यासाठी तो शब्द खरा झालाय. शिवाय वय बघ. १९४८ साली मारिया नागी या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बुडापेस्ट आणि आसपासच्या ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांना मरण म्हणजे काय वाटतं, ते त्यांनी जाणून घेतलं होतं. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठे तरी जाणं किंवा झोपणं वाटत होतं, त्यातून परत येता येईल असं. ते कायमचं आणि सगळ्यांनाच येणारं आहे, हे मुलांना नवाच्या पुढे कळू लागतं, असं त्यांना दिसलं. तुझी नायिका नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. तिला दोन्ही वाटू दे. दिवसा ती शहाण्यासारखी पाहुण्यांना पाणी देईल, आणि पारोळ्याची संध्याकाळची एसटी फाट्यावर थांबली की धावत बाहेर येईल, कारण कुणीतरी तिला सांगितलंय, “तो गावाले गया.”

माझं एक सांगते. माझा धाकटा भाऊ गोवरात गेला तेव्हा मी तिसरीत होते. तापात त्याने माझा भवरा मागितला होता. मी म्हटलं, बरा हो, मग देईन. त्या भवऱ्याचं मी पुढे तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. मग एकदा आईजवळ बसून लसूण सोलताना ते तोंडातून निघून गेलं. आईचे हात थांबले. ती म्हणाली, “आणि मी त्या दिवशी कापूस वेचायला गेले होते, ते?” एका घरात आम्ही दोघी, आपापला गुन्हा पदराखाली झाकून तीस वर्षं वावरलो. वडिलांचाही काही असेल. ते न सांगताच गेले.

तुझ्या गोष्टीत मला हे हवंय. दारावर आलेल्या बायकांचा आक्रोश, दहावा, गंधमुक्ती हे दोन ओळींत उरक, ते मुलांनी पाहिलेलं असतं. वेळ दे तो पुढच्या आखाजीला. घरात गेलेल्यांच्या नावाने घागर भरायची आहे, तिच्यावर डांगर आणि सांजोरी ठेवायची आहे. एवढ्या लहान लेकराची घागर भरायची का, यावर आजी आणि काका बोलताहेत. (ही रीत घरोघर वेगळी असते, तुझ्या भाऊबंदांत विचारून घे.) त्या गडबडीत चुलीपाशी मायलेकी दोघीच असू देत. पोरगी सांगेल, “मी त्याले मर म्हनं.” अहिराणीतच म्हणू दे, ते वाक्य पुस्तकी मराठीत निघणार नाही. आणि आईने तिला समजावू नये. आईने आपलं सांगावं, तो दोर बाजारातून आणायचा राहिला होता ते.

त्यानंतर पोरगी हसली नाही तरी चालेल. तिला भूक लागली तर बघ. आणि पुढच्या पानावर नवा भाऊ जन्माला घालू नकोस. ‘तोच परत आला’ म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण त्यात गेलेल्याला विसरायचं ओझं नव्या जिवावर पडतं.

‘मुलांना असलं कशाला वाचायला द्यायचं’ असं तुला ऐकवतील. मी चाळीस वर्षं वर्गावर होते. एका वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी गेली. मी हजेरीत तिच्या नावावर लाल रेघ ओढली आणि पुढचा नंबर पुकारला. तिची बहीण त्याच खोलीत, खिडकीकडच्या रांगेत बसलेली होती. तिने मान वर केली नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही. तेव्हा माझ्या हातात तुझ्या गोष्टीसारखी एखादी गोष्ट असती तर मी ती वर्गात मोठ्याने वाचली असती.

दुसरा खर्डा झाला की टपालाने पाठवू नकोस, घेऊन ये. अमळनेरहून पहिली गाडी धरलीस तर जेवायला पोचशील. भवरा अजून माझ्याकडे आहे, आर थोडी गंजलीय. दाखवते.

तुझी,
बाई