नवऱ्याचा 'तरास' अर्जात कसा लिहावा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीताईंनी विचारलंय : "गावातली एक बाई सांगते, 'मी नाही म्हन्लं तरी आयकत नाही, रातचा लय तरास देते.' अर्जात त्रास लिहू, बळजबरी लिहू की बलात्कार? वकील म्हणतात, नवरा-बायकोत बलात्कार हा शब्दच चालत नाही. मग पेपरात 'वैवाहिक बलात्कार' कसं छापतात?"

ताई, वकील कायद्यापुरते बरोबर आहेत, भाषेपुरते नाहीत. बलात् म्हणजे बळाने; बलात्कार म्हणजे बळाने केलेली गोष्ट. जुन्या मराठीत तो कसलाही असे, सही घेण्याचासुद्धा. पुढे अर्थ आवळत आजचा झाला, पण करणारा परका की घरचा, हे त्या शब्दात कधीच नव्हतं. ती भिंत कायद्याने घातली.

1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये स्त्रीच्या 'इच्छेविरुद्ध' आणि 'संमतीशिवाय' केलेला संभोग हा गुन्हा आहे. त्याच कलमाच्या शेवटी अपवाद येतो : बायको 18 वर्षांखालची नसेल, तर नवऱ्याने केलेला संभोग या व्याख्येत बसत नाही. आधीच्या, 1860 च्या दंड संहितेत हे वय 10 होतं, 1891 मध्ये 12 झालं, पुढे 15, आणि 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते 18 धरलं. वय वाढत गेलं, अपवाद जागचा हलला नाही. तो काढा, असं 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने 2013 मध्येच सुचवलं होतं. मे 2022 मध्ये दिल्ली हायकोर्टात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली आणि वाद सुप्रीम कोर्टात गेला.

गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण आहे) की सप्टेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या नियमांपुरतं सांगितलं की बलात्कारात नवऱ्याने केलेलाही येतो. म्हणजे दवाखान्यात चालणारा शब्द पोलीस ठाण्यात चालत नाही. आणि नवरा-बायको वेगळे राहत असताना त्याने जबरदस्ती केली, तर न्याय संहितेच्या कलम 67 खाली 2 ते 7 वर्षं शिक्षा आहे. पण तिथेही कायदा 'संभोग' म्हणतो, बलात्कार म्हणत नाही.

'वैवाहिक बलात्कार' व्याकरणाने ठीकच, फक्त जरा पुस्तकी. 'लग्नातला बलात्कार' मात्र नको. आपल्याकडे 'लग्नात' म्हटलं की पंगत आणि वरात डोळ्यांपुढे येते. मला सरळ 'नवऱ्याने केलेला बलात्कार' पटतो.

आता अर्ज. 'त्रास' हा शब्द सगळं पोटात घालतो : दारू, मारहाण, हुंडा, रात्र. लिहिणारा त्याचं ठरीव 'शारीरिक व मानसिक छळ' करतो आणि नेमकी रात्रीची गोष्ट गळते. म्हणून आधी बाईचं वाक्य जसंच्या तसं, वऱ्हाडीतच, अवतरणात घ्या. खाली लिहा : 'माझी इच्छा नसताना, मी नको म्हणत असताना, नवऱ्याने बळजबरीने शरीरसंबंध ठेवले.' 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक अत्याचार हा हिंसाचाराचा वेगळा प्रकार म्हणून धरलेला आहे. त्यासाठी अर्ज याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे देता येतो. कोर्टाने दिलेला संरक्षण आदेश नवऱ्याने मोडला, तर तो गुन्हा ठरतो. शिवाय न्याय संहितेतलं क्रूरतेचं कलम 85 आहेच, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं.

ताईंनी जाता जाता 'नांदायला ये' या नोटिशीबद्दलही विचारलंय. माहेरी निघून आलेल्या बाईला ती हमखास येते. 'नांदणे'चा मूळ रोख सुखाने राहण्याकडे, म्हणूनच घरात सुखशांती नांदते. 'नांदवणे' हे त्याचं प्रयोजक रूप, आणि दावा नांदवण्याचा असतो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली. 1887 मध्ये नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना मुंबई हायकोर्टाने सांगितलं होतं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. आज तसं नाही. हुकूम झाला तरी तो न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, तुरुंग नाही. पोलीस येऊन बाईला सासरी पोचवत नाहीत. तेवढं त्या बाईला आधी सांगा.