करारात मुलीचा ताबा लिहून घेता येतो का?

प्रश्न: लग्नाला ९ वर्षं झाली, घटस्फोटाचा विचार चालू आहे. मालमत्तेच्या करारातच ‘मुलीचा ताबा आईकडे’ असं लिहून घेतलं तर चालेल का?

उत्तर: लिहिता येईल, पण बहुतेक देशांत न्यायालयावर ते कलम बंधनकारक नसतं. ताबा त्या वेळचं मुलीचं हित पाहून ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातही हेच तत्त्व आहे. करार मालमत्ता आणि कर्जांपुरताच ठेवा. तो फसतो बहुधा लपवलेल्या खात्यांमुळे, दोघांचा वकील एकच असल्यामुळे किंवा घाईत घेतलेल्या सहीमुळे. ताब्यासाठी आजपासून तारीखवार नोंद ठेवा: शाळेत कोण सोडतं, दवाखान्यात कोण नेतं, अभ्यास कोण घेतं. आणि कृपा करून मुलीला भांडणाची साक्षीदार करू नका.