मूल हवंय, पण पृथ्वीला पेलवेल का?

‘ताई, लग्न ठरतानाच आम्ही दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तेव्हा मलाही ते मनापासून पटलं होतं. आता मी ३३ वर्षांची आहे आणि गेल्या वर्षभरापासून मला मूल हवंसं वाटतंय. नवऱ्याला सांगितलं, तर तो शांतपणे म्हणतो, “पृथ्वीवर ८०० कोटी माणसं आहेत, त्यात आपण भर कशाला घालायची?” एक मूल कमी म्हणजे वर्षाला ५८ टन कार्बनची बचत, असा कुठल्याशा अभ्यासातला आकडाही त्यानं दाखवला. फारच वाटलं तर दत्तक घेऊ म्हणतो. तो चिडत नाही, भांडत नाही, त्यामुळे मलाच अपराधी वाटतं. पृथ्वीला खरंच आणखी माणसं पेलवणार नसतील, तर मी ही इच्छा मनातून काढून टाकेन. पेलवणार असतील, तर त्याला पटेल असं काहीतरी सांगा.’

तुझी काळजी खरी आहे, नवऱ्याचीही खरी आहे. म्हणून तुमच्यापैकी एकाला जिंकवून देणारं उत्तर मी देणार नाही. पण तुझ्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पृथ्वीला किती माणसं पेलतील हा एक, आणि तुम्ही दोघांनी मूल होऊ द्यावं का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल, असं तू धरून चालली आहेस. तसं होत नाही, आणि का होत नाही ते नीट सांगायला हवं.

आधी त्या ५८ टनांचं बघू, कारण तुझ्या छातीवर खरं ओझं त्याचंच आहे. हा आकडा २०१७ सालच्या एका शोधनिबंधातला. सेथ वाइन्स आणि किम्बर्ली निकोलस यांनी विकसित देशांतल्या माणसानं स्वतःच्या आयुष्यात काय बदललं तर उत्सर्जन किती घटेल, याची तुलना केली होती. गाडीशिवाय जगलं तर वर्षाला सुमारे २.४ टन, प्राणिजन्य पदार्थ सोडले तर ०.८ टन आणि एक मूल कमी होऊ दिलं तर ५८.६ टन. असे आकडे शेजारी शेजारी ठेवले, की मूल होऊ देणं हा गुन्हाच वाटायला लागतो.

पण हे ५८ टन आले कुठून? त्यांच्यामागे पॉल मर्टॉ आणि मायकेल श्लॅक्स यांनी २००९ साली मांडलेला हिशेब आहे. मुलाच्या उत्सर्जनाचा निम्मा भार आईच्या खात्यावर आणि निम्मा वडिलांच्या, नातवंडांचा पाव हिस्सा, पतवंडांचा आठवा, असं करत करत वंश चालेल तोवर. या सगळ्या पिढ्यांची बेरीज एका माणसाच्या आयुष्यातल्या वर्षांवर वाटून टाकायची. शिवाय येणारी प्रत्येक पिढी आजच्याइतकंच इंधन जाळत राहील असं त्यात धरलंय. उत्सर्जन झपाट्यानं घटत गेलं तर काय होईल, हेही त्याच अभ्यासात आहे, पण ते फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या एका स्त्रीच्या एका मुलामागे पहिल्या गृहीतकानं ९,४४१ टन येतात आणि दुसऱ्यानं ५६२ टन. मूल तेच. मधल्या काळात जगानं वीज कशी तयार केली, घरं आणि गाड्या कशावर चालवल्या, एवढाच काय तो फरक. मला या हिशेबात आणखी एक गोष्ट खटकते. तुझ्या नातवाचा धूर तुझ्या खात्यावर टाकायचा, तर तुझा धूर तुझ्या आजीआजोबांच्या खात्यावर जायला हवा. मग आज जे जिवंत आहेत त्यांची जबाबदारी कुणाकडे उरली? धुराचा जाब जो जाळतो त्याला विचारावा, असं माझं ठाम मत आहे.

आता ८०० कोटींविषयी. नवऱ्याचा आकडा बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या गणतीनुसार १५ नोव्हेंबर २०२२ रोजी आपण तो टप्पा ओलांडला. १९६० साली आपण ३०० कोटी होतो, १९९९ साली ६०० कोटी. एका माणसाच्या हयातीत दुप्पट होणं हे भीती वाटण्यासारखंच आहे. पण वाढीचा वेग १९६०च्या दशकातच कळसाला पोचला, वर्षाला दोन टक्क्यांच्या वर. आज तो एक टक्क्याच्या खाली आहे. त्या काळी जगात एका स्त्रीला सरासरी पाच मुलं होत होती, आता सव्वादोनच्या आसपास होतात. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतात, आणि निम्म्याहून अधिक देश आजच त्याच्या खाली आहेत. दक्षिण कोरियात २०२३ साली हा दर ०.७२ वर आला. २०२४च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८०च्या दशकाच्या मध्याला सुमारे १,०३० कोटींवर पोचेल आणि मग हळूहळू उतरू लागेल.

तरीही ही दोनशे कोटींची वाढ कशी, असं वाटेल. तिचा मोठा भाग जन्माला आलेल्या माणसांमुळेच ठरून गेलाय. मागच्या पिढ्या मोठ्या होत्या, त्यांची मुलं आज तरुण आहेत, आणि त्यांना दोन-दोनच मुलं झाली तरी काही दशकं आकडा चढतच राहणार. म्हणजे पुढची साठ वर्षं पृथ्वीला ८०० ते १,००० कोटी माणसांसह जगायचंय, हे जवळपास ठरलेलं आहे. तू काय ठरवतेस यानं ते बदलत नाही.

मग पेलवेल का? हा प्रश्न फार जुना आहे. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणाऱ्या लेव्हेनहुकनं १६७९ साली हॉलंडमधल्या दाटीवरून हिशेब करून सांगितलं होतं, की पृथ्वीवर सुमारे १,३४० कोटी माणसं मावतील. तेव्हापासूनचे असे कितीतरी अंदाज जोएल कोहेन या अभ्यासकानं १९९५ साली एकत्र केले. त्यांत १०० कोटींहून कमीपासून एक लाख कोटींहून जास्तपर्यंत आकडे आहेत, आणि बरेचसे ४०० ते १,६०० कोटींच्या दरम्यानचे. इतकी तफावत पडते, कारण माणसं खाणार काय, जाळणार काय, आपसात वाटून घेणार किती आणि रानासाठी, पशुपक्ष्यांसाठी किती जागा सोडणार, हे आधी ठरवल्याशिवाय आकडाच निघत नाही. नवऱ्याशी बोलताना हे लक्षात ठेव. ‘पृथ्वीला किती माणसं पेलतील’ हे विचारताना ‘कशी जगणारी माणसं’ हे सोबत विचारलंच पाहिजे.

दोन उदाहरणं देते. राहण्याजोग्या जमिनीपैकी जवळपास निम्मी आज शेती आणि चराईखाली आहे. त्यातली सुमारे तीन चतुर्थांश गुरांसाठी आणि त्यांच्या चाऱ्यासाठी जाते. तिच्यातून माणसाला मिळणारे उष्मांक मात्र एकूण उष्मांकांच्या पाचव्या हिश्शाहून कमी. आणि २०२२ साली दुकानं, खानावळी नि घरं यांच्यापर्यंत पोचलेल्या अन्नातलं सुमारे १९ टक्के वाया गेलं. पुढच्याच वर्षी जगात ७० कोटींहून जास्त माणसं भुकेली होती. ही भूक पृथ्वी कमी पडल्यामुळे आलेली नाही. उत्सर्जनाचंही तसंच. जगातली सगळ्यांत श्रीमंत दहा टक्के माणसं जवळपास निम्म्या उत्सर्जनाला कारण आहेत. जिथे कुटुंबं सगळ्यांत मोठी आहेत त्या देशांचा वाटा नगण्य आहे.

याचा अर्थ ‘सगळं निभावेल, विज्ञान आहेच’ असा घेऊ नकोस. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसनं १७९८ साली लोकसंख्या अन्नाला मागे टाकेल असं बजावलं होतं, ते त्यानं म्हटलं तसं झालं नाही. याचं एक मोठं कारण म्हणजे फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०९ साली प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ साली त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं अन्न त्या अमोनियापासून बनणाऱ्या खतावर उभं आहे. पण तेच नत्र शेतातून नद्यांत आणि नद्यांतून समुद्रात जातं. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या मुखापाशी दर उन्हाळ्यात समुद्राचा मोठा पट्टा प्राणवायूविना पडतो. पृथ्वीच्या घडीसाठी महत्त्वाच्या मानलेल्या नऊ मर्यादांपैकी सहा आपण ओलांडल्या आहेत, असं २०२३ साली शास्त्रज्ञांनी मांडलं. नवऱ्याची भीती इथून येत असेल तर ती रास्त आहे. सारं काही सारखंच राहिलं, तर १,००० कोटींपेक्षा ९०० कोटी माणसांना सांभाळणं सोपं, हेही मी नाकारणार नाही.

फक्त तो आकडा खाली कसा येतो ते बघायला हवं. जगात दरवर्षी सुमारे १२ कोटी स्त्रियांना नको असताना दिवस जातात. एकूण गर्भधारणांपैकी हे जवळपास निम्मं प्रमाण आहे. वीस-पंचवीस कोटी स्त्रियांना मूल नको आहे, पण त्यांच्या हातात खात्रीचं गर्भनिरोधक नाही. इराणमध्ये १९८०च्या दशकात एका स्त्रीला सहाहून जास्त मुलं होत. मुली शिकल्या, गावोगावी आरोग्यकेंद्रांतून साधनं मिळाली आणि २०००च्या सुमारास तो आकडा दोनाच्या आसपास आला. नवऱ्याला लोकसंख्येची खरी तळमळ असेल, तर या कामाला हात लावता येतो. ज्या बाईला मूल नको आहे तिला ते टाळता येणं आणि तुला हवं आहे तर तुला होऊ देता येणं, या दोन्ही गोष्टी मला एकाच हक्काच्या वाटतात.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की पृथ्वी तुला मूल होऊ दे असंही सांगत नाही आणि नको असंही नाही. तिचं म्हणणं तुमच्या जगण्याविषयी आहे, आणि ते मूल झालं तरी लागू आहे, नाही झालं तरी.

आता तुम्हा दोघांविषयी. लग्नाआधी तू शब्द दिला होतास, आणि तो त्याच्या शब्दावर आजही उभा आहे, हे मान्य कर. बदलली आहेस ती तू. माणसं बदलतात, त्यात फसवणूक नाही, पण ‘माझं मन बदललंय’ हे तुला स्पष्ट म्हणावं लागेल. आत्ता तू ते म्हणण्याऐवजी माझ्याकडून आकडे मागते आहेस. समज, मी लिहिलं असतं की पृथ्वीला पेलवणार नाही, तर तुझी इच्छा खरंच गेली असती? मला वाटतं ती आतच राहिली असती, आणि काही वर्षांनी तिचा राग त्याच्यावर निघाला असता.

त्याला एकच विचार: ‘उद्या खात्रीनं कळलं की पृथ्वीला काहीही धोका नाही, तर तुला मूल हवं असेल का?’ विचारलंस की गप्प बस आणि त्याला वेळ दे. उत्तर ‘हो’ आलं, तर वरचं सगळं त्याला वाचायला दे. तुमच्यात बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ‘नाही’ आलं, तर पृथ्वी बाजूला ठेवा. मग ते त्याच्या भीतीविषयी असेल, त्याच्या स्वतःच्या बालपणाविषयी, नाहीतर त्याला हव्या असलेल्या आयुष्याविषयी. त्याला बाप व्हायचं नसणं हे पूर्ण कारण आहे, त्याला टनांचा आधार लागत नाही. ‘येणाऱ्या मुलाला कसलं जग मिळेल’ ही भीती पुढे आली, तर तीही वेगळी मांडा. मुलानं जगावर भार टाकणं आणि जगानं मुलावर भार टाकणं यांची गल्लत करू नका.

दत्तकाविषयी एवढंच, की ते मूलही घरात हवं म्हणून यावं. कार्बन वाचवण्याची तडजोड म्हणून आणलेल्या मुलाला ते आज ना उद्या कळतं.

तुमचं एकमत होणारच नाही, असंही होऊ शकतं. अर्धं मूल होत नाही, त्यामुळे मधला मार्ग काढण्यात वर्षं घालवू नका. तू ३३ वर्षांची आहेस. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता उतरत जाते, म्हणून हे बोलणं या महिन्यातच कर. दोघांनाच बोलणं जड गेलं तर विवाह समुपदेशकाकडे जा, आणि जाताना ५८ टनांचा कागद घरी ठेवा.