इन्फेमस म्हणजे 'फेमस नसलेला' नव्हे

मित्रा, तू स्वतःच्या ओळखीत 'इन्फेमस' टाकलायस तो आधी काढ. पुढचं 'इन' बघून खूप जणांना वाटतं की जो फेमस नाही तो इन्फेमस, पण तसं नाहीये, अर्थ होतो कुप्रसिद्ध, म्हणजे नाव सगळ्यांना माहितीये पण वाईट कारणानं. उच्चार पण 'इन-फेमस' नाही, 'इन्फमस', जोर पहिल्या 'इन'वर.

नोटोरियस त्याचाच भाऊ आणि रोजच्या बोलण्यात हाच जास्त कामाला येतो, त्याच्यानंतर 'फॉर' लावायचं, जसं की नवले ब्रिज इज नोटोरियस फॉर अ‍ॅक्सिडेंट्स, आपल्या पुण्यातल्या सिंहगड रोडवाल्यांना हे वेगळं सांगायला नकोच. फक्त कौतुकाला लावू नकोस प्लीज, आवडत्या मिसळीला नोटोरियस म्हटलंस तर ऐकणाऱ्याला वाटेल तिथं खाऊन पोट बिघडतं.

डिसरेप्यूट म्हणजे बदनामी, हे नाम आहे, ते बहुतेक वेळा 'ब्रिंग इनटू डिसरेप्यूट' असंच येतं, क्रिकेटच्या आचारसंहितेत बघ, खेळाडूच्या वागण्यानं खेळाचं नाव खराब झालं की हेच कलम लागतं.

आणि ऑफिसच्या मेलमधे कुणा माणसाबद्दल नोटोरियस लिहू नकोस, तो सरळ आरोपच होतो रे, त्यापेक्षा काय घडलं तेवढंच लिही.