वही मिटून मार्क उघड

प्रिय मावशी,

मी वेंगुर्ल्याजवळ राहतो. वय 36. काजूच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आहे, पण खरा जागा झालो तो कोविडनंतर. केवढी खोटी शिकवण पसरली आहे हे तेव्हा कळलं. कोणी तेल विकतो, कोणी जगाच्या शेवटाची तारीख देतो, कोणी म्हणतो देणगी पाठवा म्हणजे कर्ज फिटेल. अशा प्रत्येक प्रचारकाचं कुठे काय चुकतं ते मी वचनांसह लिहून ठेवतो. तीन जाड वह्या भरल्या. रात्री जेवण झालं की बारा-एकपर्यंत हेच. मंडळीच्या ग्रुपवर टाकायचो, तर पाळकसाहेबांनी मलाच गप्प केलं. बायको म्हणते, तुमच्याबरोबर प्रार्थनेला बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

सगळ्यात वाईट म्हणजे हे माझ्याच घरात शिरलंय. आई 71 वर्षांची. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ती पहाटे मोबाइलवर अशाच एका प्रचारकाला मोठ्या आवाजात लावते. मोबाइलपुढे पाण्याचा पेला ठेवते आणि त्यानं प्रार्थना केली की ते पाणी पिते. दर महिन्याला माझ्या मुलीकडून त्याला 501 रुपये पाठवून घेते. आधी ती स्वतः शास्त्र, म्हणजे बायबल वाचायची, पण गेल्या वर्षापासून मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही, ऑपरेशन राहून गेलंय, म्हणून मोबाइल. मी चार वेळा पुराव्यानिशी तिला दाखवून दिलं. ती रडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावते.

माझी प्रार्थना कोरडी झाली आहे. शास्त्र उघडलं तरी मन लागत नाही. सत्यासाठी इतकं करूनही मी विश्वासात वाढत का नाही? आणि आईला यातून कसं सोडवू?

– सत्याचा एक शोधक

बाबा रे,

"अक्षर दिसत नाही, ऑपरेशन राहून गेलंय, म्हणून मोबाइल." तेलवाल्यांवर तू एवढं लिहिलंस आणि ही गोष्ट जाता जाता उरकलीस. मी मात्र इथून हलणार नाही.

तुझी आई शास्त्र वाचणारी बाई. तिचं वाचन थांबलं. घरात वाचता येणारी माणसं किती? तू आहेस, सूनबाई आहे, आणि 501 रुपये पाठवण्याइतकी मोठी झालेली नात आहे. यांतलं कोणी गेल्या वर्षभरात "आई, बस, मी वाचून दाखवतो" म्हणालं का? पत्रात तरी तसं काही नाही, आणि तुझ्यासारखा पुरावे जपणारा माणूस ते तारखेसह लिहिल्याशिवाय राहिला नसता. तिला वचन ऐकायचं होतं. घरातला शास्त्राभ्यासी पलीकडच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत जागून एका लबाड माणसाच्या चुका टिपत होता. त्या लबाड माणसानं मात्र पहाटेची वेळ एकदाही चुकवली नाही. ती त्याच्याकडे वळली याचं तुला नवल वाटतं, मला नाही. "माका अक्षरां दिसनत नाय, म्हणान आयकतंय" असं ती तुला कधी बोललीच नसेल, हे मानायला मी तयार नाही. तू तेव्हा पुरावे शोधत असशील.

तो प्रचारक खोटा आहे का? आहे. आशीर्वादाला दर लावणारा माणूस कुठल्याही मंडळीचा असो, त्याच्याबद्दल माझं दुमत नाही. त्याच्यावर आणखी शाई घालवायची माझी इच्छाही नाही. तू तीन वह्या घालवल्यास, तेवढ्या पुरे.

इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र तुझ्या वहीत असणारच, बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा दुसरा अध्याय. त्यातलं दुसरं वचन तू खाली रेघ ओढून ठेवलं असशील: जे प्रेषित नसून स्वतःला प्रेषित म्हणवतात त्यांची इफिसकरांनी पारख केली आणि ते लबाड निघाले. शाबासकीच आहे ती, आणि खुद्द प्रभूची. आता दोन वचनं खाली ये. चौथ्यात तो म्हणतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. पाचव्यात उपाय आहे: कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर, नाहीतर तुझी समई जागेवरून काढीन. लबाडांची आणखी कसून चौकशी कर, असं तिथे कुठेही नाही. त्यात ते आधीच पक्के होते आणि तरीही समई जायची वेळ आली होती. तुझ्या कोरड्या प्रार्थनेचं निदान मला याहून वेगळं करता येत नाही.

तुझ्या कारखान्यातच बघ ना. डागी गर, फुटका गर वेगळा काढायला बायका बसतात. ते काम हवंच, त्याशिवाय माल जाणार नाही. पण डब्यात भरतात तो पांढरा, अख्खा गर. तू इतकी वर्षं डागीच वेचलास, तोच डबा भरून घरी आणलास आणि आता विचारतोस की खाताना गोड का लागत नाही.

प्रेषित पौलाला खोटे लोक माहीत नव्हते का? फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता, आणि बाहेर काही जण केवळ त्याला डिवचायला म्हणून ख्रिस्ताची घोषणा करत होते. हे तो पहिल्याच अध्यायात सांगतो, एकाचंही नाव घेत नाही, उलट ख्रिस्ताचं नाव तरी गाजतंय म्हणून आनंद मानतो. तिसऱ्या अध्यायात 'कुत्र्यांपासून सावध राहा' असा सणसणीत इशारा देतो, पण तिथे तळ ठोकत नाही. मनन कशाचं करायचं हे चौथ्यात येतं: जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही शुद्ध. तू इशाऱ्याचंच मनन करत बसलास.

फोन काढून घ्यायचा विचार तुझ्या मनात येऊन गेला असणार. येशूनं सांगितलेली रिकाम्या घराची गोष्ट आठव, मत्तयाच्या बाराव्या अध्यायात आहे. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडलेलं, सजवलेलं, पण रिकामं. मग तो परत आला ते आपल्याहून वाईट असे सात जण घेऊन. आईची पहाट तू नुसती रिकामी केलीस तर तिथे दुसरा कोणी येऊन बसेल, आणि हा पाण्यावर भागवत होता, तो तेलाची बाटली विकेल.

तेव्हा काम एकच. मार्कचं शुभवर्तमान उघड आणि आईला वाचून दाखव. रोज संध्याकाळी एक अध्याय, मोठ्यानं, तुझ्या आवाजात. रेकॉर्डिंग लावून द्यायचं नाही. सोळाच अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं. हातात पेन नको. वाचून झाल्यावर विवेचन नको. तुझा स्वभाव पत्रावरून कळलाय मला. "म्हणजे बघ आई, तुझा तो प्रचारक..." असं तोंडावर येईल. जीभ चाव.

ती मध्येच बोलेल, बोलू दे. पहिल्याच अध्यायात शिमोन आणि अंद्रिया समुद्रात जाळं टाकताहेत, याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करताहेत, बाप आणि गडी बरोबर आहेत. किनाऱ्यावर जन्म गेलेली बाई तिथे गप्प बसणार नाही. रापण, वारा, कोणाची होडी कधी बुडाली, सगळं निघेल. अध्याय अर्धा राहिला तरी चालेल. चौथ्यात वादळ येतं. येशू होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला आहे. ही उशी चौघांपैकी फक्त मार्कनं टिपली आहे, मला फार आवडते ती. शिष्य त्याला उठवतात आणि जवळजवळ भांडतात: आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का? तुला प्रार्थना सुचत नाही म्हणतोस ना, ही घे तयार प्रार्थना.

आठव्यात बेथसैदाचा आंधळा भेटेल. येशू त्याच्यावर हात ठेवतो तेव्हा आधी त्याला माणसं दिसतात ती झाडांसारखी, चालणारी. पुन्हा हात ठेवतो तेव्हा स्वच्छ दिसतं. हाही प्रसंग मार्कमध्येच आहे. मोतीबिंदू असलेली बाई हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त समजून ऐकेल.

आणि बारावा. त्याच्या शेवटाकडे येशू शास्त्र्यांपासून, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांपासून जपायला सांगतो: लांब झगे घालून मिरवणारे, विधवांची घरं गिळंकृत करणारे, देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणारे. लगेच त्याच्या खाली, दानपेटीसमोर, ती गरीब विधवा. तिच्या हातात दोन टोल्या, अगदी क्षुल्लक नाणी. तुझी आई विधवा आहे आणि ते 501 रुपये तिचे आहेत. मार्कनं ही दोन चित्रं एकाखाली एक ठेवली आहेत, त्यांना तुझ्या टिपणाची गरज नाही. वाच आणि पान उलट. तिला लागलं तर ती बोलेल. त्या रात्री नाही बोलली तर नाही. चार वेळा रडवून जे झालं नाही ते कदाचित तिथे होईल, कदाचित आणखी वेळ लागेल. थेट बाराव्यावर उडी मारायची नाही. तू मारशील म्हणून आधीच सांगते.

तोवर पहाटेच्या त्या पेल्याला हात लावू नकोस. पाणी पिऊन कोणी मरत नाही.

सत्य माणसाला कसं धरतं, हे आपल्या कोकणातल्याच एका माणसाकडून ऐक. नारायण वामन टिळक 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मले. व्युत्पन्न, कवी, वादात कोणाला ऐकणारे नव्हेत. अशा माणसाला वादात हरवून कोणी ख्रिस्ताकडे आणलं नाही. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि वाचा म्हणाला. ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तिथून त्यांना सुटता येईना. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुझ्या वह्या वाचून कोणाचं असं काही होईल का, तूच सांग.

तू वाढत का नाहीस हे विचारलंस. मोठ्यानं वाचताना प्रत्येक शब्द आधी तुझ्या तोंडातून जाणार आहे. त्याच वेळी भांडता येत नाही, पुढचं स्क्रोल करता येत नाही, आणि समोर जिच्यासाठी वाचायचं ती बसलेली असते. प्रकटीकरणाच्या सुरुवातीलाच वाचून दाखवणारा आणि ऐकणारे, दोघांनाही धन्य म्हटलं आहे. वाढ मोजू मात्र नकोस. तू चौथी वही काढशील.

बायकोला मुद्दाम बोलावू नकोस. तुझ्या परीक्षांना ती पुरती कंटाळली आहे. आपणहून येऊन बसली तर चांगलंच. पाळकसाहेबांनी ग्रुपवर गप्प केलं त्याबद्दल त्यांचे आभार मान, मनातल्या मनात मानलेस तरी चालतील.

डोळ्यांचं. ते ऑपरेशन राहून गेलेलं नाही, तुम्ही ठेवलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी जिल्हा रुग्णालयात मोफत होतं आणि वेंगुर्ल्याहून ओरोस काही परदेश नाही. साखर, रक्तदाब तपासतात, तारीख देतात. या आठवड्यात एक रजा टाक आणि तिला घेऊन जा. व्हिडिओ बघायला रात्र रात्र काढणाऱ्याला एक दिवस काढता येतो. आणि दिसायला लागलं म्हणून वाचन बंद करायचं नाही. मार्क संपला की लूक, चोवीस अध्याय आहेत.

वह्या जाळू बिळू नकोस, त्याचाही तू समारंभ करशील. माळ्यावर टाक. पहिल्या अध्यायाची 45 वचनं आहेत, आज संध्याकाळी चहा झाला की सुरू कर. आणि वाचताना फोन दुसऱ्या खोलीत ठेव. तिचा नव्हे, तुझा.

– मावशी