अपवादाचं कलम आधी वाच

प्रिय डॉक्टर,

टेक्सासला मॅच झाल्याचं, म्हणजे तिथे रेसिडेन्सीची जागा मिळाल्याचं तुझ्या आईने कळवलं. मनापासून अभिनंदन. तुझ्या मेलमधला शेवटचा प्रश्न वाचून मात्र जरा हसू आलं. 'काकू, तिथे गर्भपाताच्या कायद्यावर कुणी विचारलंच तर कुठल्या बाजूने बोलू?' बाजू तुझी तू ठरव. माझी तुला ठाऊकच आहे: हा निर्णय त्या बाईचा, विधानसभेचा नाही. पण रात्री अडीच वाजता लेबर रूममध्ये तुझी किंवा माझी बाजू काही कामाची नसते. तिथे कायद्याचा मजकूर लागतो, आणि त्यातही अपवादाचं कलम.

इतिहास थोडक्यात. १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' खटला टेक्सासचाच. त्यातला वेड म्हणजे डॅलसचा सरकारी वकील. त्या निकालाने गर्भपाताला देशभर घटनेचं संरक्षण दिलं आणि ते ४९ वर्षं टिकलं. मिसिसिपीच्या १५ आठवड्यांच्या कायद्यावरून 'डॉब्ज' खटला उभा राहिला, आणि २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने 'रो' रद्द करून हा विषय राज्यांच्या हवाली केला. आता टेक्सासमध्ये जवळजवळ पूर्ण बंदी, आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोत आठवड्यांची मर्यादाच नाही. टेक्सासच्या हद्दीवरच्या एल पासोची बाई गाडी काढून हद्द ओलांडते. ज्या बाईकडे गाडी, रजा आणि मुलं सांभाळायला कुणी नाही, ती राहते तिथेच.

टीव्हीवरचं भांडण जीव कधीपासून धरायचा यावर चालतं. प्रश्न खोटा नाही, माणसं त्यावर प्रामाणिकपणे वेगळी असतात. पण तुझ्या टेबलावर तो प्रश्न येणारच नाही. तुझ्याकडे येईल अठराव्या आठवड्यातच पाणी गेलेली, म्हणजे गर्भाभोवतीचं पाणी वेळेआधी वाहून गेलेली बाई. सोनोग्राफीत बाळाचे ठोके चालू, पाणी जवळजवळ संपलेलं, बाळ जगण्याची आशा नाही, ताप अजून नाही. आपल्याकडे तू नातेवाइकांना बसवून समजावलं असतंस आणि पिशवी रिकामी करायची तयारी केली असतीस. टेक्सासमध्ये त्या क्षणी तू विचारणार: आईच्या जिवाला धोका आहे का, की धोका अजून यायचा आहे?

कायदा म्हणतो, गरोदरपणामुळे आईला मृत्यूचा धोका किंवा एखादं महत्त्वाचं शारीरिक कार्य गंभीरपणे बिघडण्याचा धोका असेल तर गर्भपात करता येतो. बलात्काराला अपवाद नाही, बाळाच्या व्यंगाला नाही. चुकलीस तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा, किमान एक लाख डॉलर दंड, वर परवाना जातो. बाईला मात्र शिक्षा नाही. सगळा भार डॉक्टरवर. अशा वेळी डॉक्टर काय करतो? थांबतो. अमांडा झुरॉस्की या टेक्सासच्या बाईचं २०२२ मध्ये असंच पाणी गेलं, बाळाचे ठोके होते म्हणून डॉक्टर थांबले. सेप्सिस झाला, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतलं, ती आयसीयूत गेली, एक बीजवाहिनी कायमची बंद झाली. तिने आणि इतर बायकांनी राज्यावर खटला भरला. ३१ मे २०२४ ला टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला, पण धोका अगदी दारात येईपर्यंत थांबायची गरज नाही असंही म्हटलं. त्याच्या आधी, २०२३ मध्ये, विधिमंडळाने मुदतीआधी पाणी जाणं आणि गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा यांसाठी डॉक्टरला बचावाची सोय दिली होती. बचाव म्हणजे काय हे नीट समजून घे: आधी आरोप, मग तू सिद्ध करायचंस. २०२५ मध्ये आणखी एक कायदा झाला, धोका तत्काळ असायची गरज नाही हे तो जरा मोकळेपणाने सांगतो. मी तुझ्या जागी असते तर हे तिन्ही कागद छापून खिशात ठेवले असते.

बेळगावच्या सविता हलप्पनवार तुला माहीत असतील. दंतवैद्य होत्या, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहायच्या. २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात गर्भपात अटळ झाला, त्यांनी मागणी केली, पण ठोके होते म्हणून नकार मिळाला, आणि सेप्सिसने त्या गेल्या. पुढे २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडने घटनेतली बंदी काढली. ही गोष्ट सांगितलीस की समोरचा म्हणेल, तो कायद्याचा दोष नव्हता, रुग्णालयाचा हलगर्जीपणा होता. तो अर्धा बरोबर आहे. चौकशीत खरंच निघालं की दाखल होतानाचा रक्ताचा रिपोर्ट, वाढलेल्या पांढऱ्या पेशी दाखवणारा, कुणी पाहून पुढे काही केलंच नाही. पण त्याच चौकशीने हेही लिहिलं की ठोके थांबेपर्यंत काही करायचं नाही, या विचाराला अवास्तव महत्त्व दिलं गेलं. कायदा संदिग्ध असला की देखरेखही ढिली पडते. दोन्ही बाजूंना यातलं एकच वाक्य हवं असतं, तू दोन्ही लक्षात ठेव.

नर्सेस स्टेशनवर प्रार्थना करणारी, गर्भपात म्हणजे हत्या असं मनापासून मानणारी सहकारी भेटेल. तिला अडाणी समजू नकोस. पाणी गेलेल्या त्या बाईचा हात रात्रभर धरून बसणारी बहुधा तीच असते. अमेरिकेतले मतदारही तुला वाटतात तसे कप्प्यांत बसत नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससने, म्हणजे पक्क्या रिपब्लिकन राज्याने, राज्याच्या घटनेतून गर्भपाताचा हक्क काढायचा प्रस्ताव ५९ टक्क्यांनी पाडला. २०२४ मध्ये फ्लोरिडात उलट झालं: ५७ टक्के लोकांनी हक्काच्या बाजूने मत दिलं, पण ६० टक्के लागतात म्हणून प्रस्ताव पडला. टेक्सासमध्ये तर नागरिकांना असा प्रस्ताव मतपेटीत आणायची सोयच नाही.

आणि 'तुमच्या भारतात मुली मारतात ना?' हे कुणीतरी विचारेलच. काही राज्यांनी लिंगनिवडीच्या गर्भपातावर बंदी घातली तेव्हा विधिमंडळांत भारत-चीनचा उल्लेख झाला होता. चिडू नकोस. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा १९८८ मध्येच केला, हे शांतपणे सांग. आणि 'आमच्याकडे १९७१ पासून गर्भपात कायदेशीर आहे' म्हणून फुशारकीही मारू नकोस. आपला कायदाही बाईला थेट हक्क देत नाही, डॉक्टरच्या मताला देतो. अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंत विवाहितेसारखाच न्याय, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे 'डॉब्ज'नंतर अवघ्या तीन महिन्यांनी सांगितलं.

आता कामाचं. पहिल्याच आठवड्यात विचारून घे: रात्री वकिलाला फोन कोण लावतं, दुसरं मत कोण देतं, समिती बसते का आणि किती वेळात. नोट्समध्ये तापमान, नाडी, पेशींचा आकडा वेळेसकट लिही. 'प्रकृती स्थिर' असलं काही लिहू नकोस. पिशवी रिकामी करण्याचं हातांचं शिक्षण सोडू नकोस. अपुरा गर्भपात, बाळ पोटातच दगावलेलं, रक्तस्राव, सगळ्याला तेच हात लागतात, आणि टेक्सासचा कायदा मृत गर्भ काढण्याला गर्भपात धरतच नाही. बंदीच्या राज्यातल्या प्रोग्रॅमला गर्भपाताचं प्रशिक्षण परराज्यात मिळवून द्यावंच लागतं. ज्यांना नको त्यांना नाकारता येतं. तू नाकारू नकोस. अर्ज मात्र लवकर कर. तिकडच्या राज्याचा तात्पुरता परवाना, विमा, राहायची सोय, सगळ्यात महिने जातात, आणि व्हिसावाल्या ऑफिसला आधी विचारल्याशिवाय तारीख पक्की करू नकोस.

तुझी,
काकू